लाघवी म्हणजे गोडबोल्या नव्हे

"मावशी, हे सुएव्ह म्हणजे काय असते?"

रविवारी सकाळी भाचा पोहे खायला आला होता. बँकेच्या परीक्षेसाठी त्यानं इंग्रजी शब्दांची एक वही केली आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. पोह्यांवर तर्री ओतता ओतता मी म्हणाले, "सुएव्ह नाही रे, स्वाव्ह. आणि अर्थ लिही, लाघवी."

त्यानं पेन तसंच धरून ठेवलं. "लाघवी म्हणजे चालू ना? तो गोड गोड बोलते अन् आपलं काम काढून घेते, तसा?"

मी झटक्यात नाही म्हणणार होते, पण थांबले. मी सांगितलेला अर्थ पुरता बरोबर नव्हता आणि त्याचा पुरता चूक नव्हता. पोहे संपले, चहा झाला, वहीतली ती जागा कोरीच राहिली. आम्ही दोघं कुठे कुठे फिरून आलो ते इथे लिहिते आहे, कारण 'लाघवी' हा शब्द आपण सगळे वापरतो आणि त्याच्या पोटात काय आहे ते फारसं कोणी बघत नाही.

आधी इंग्रजी शब्द. स्वाव्ह म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा पुरुष येतो. कपड्यांना सुरकुती नाही, आवाज चढत नाही, कुठल्याही मैफलीत अवघडत नाही. भांडण पेटायला आलं तर हा दोन वाक्यांत विझवतो आणि दोन्ही पक्षांना वाटतं की जिंकलो आपणच. यात कौतुक आहे, पण डोळे बारीक करून केलेलं. अशा माणसाशी हात मिळवल्यावर बोटातली अंगठी जागेवर आहे ना, हे नकळत चाचपलं जातं.

शब्द आला लॅटिनमधून. तिथे 'सुआविस' म्हणजे गोड, सुखद. हा लॅटिन शब्द, आपला संस्कृत 'स्वादु' आणि इंग्रजी 'स्वीट' ही एकाच मुळाची पिल्लं. म्हणजे अक्षरशः बघायला गेलं तर स्वाव्ह माणूस म्हणजे चविष्ट माणूस. याच घराण्यातला आणखी एक शब्द भाच्याच्या वहीत दोन पानं आधी सापडला: 'पर्सुएड', गळी उतरवणे. गोष्ट गोड करून दिली की ती घशाखाली जाते, हे रोमन लोकांनाही ठाऊक होतं.

मराठीनंही माणसाच्या बोलण्याची चव घेऊन पाहिलेली आहे. गोडबोल्या, साखरपेऱ्या, जिभेवर साखर. पण एक गंमत बघा. गोड या शब्दात वाईट काहीच नाही, संक्रांतीला आपण एकमेकांना गोड बोलायची आठवणच करून देतो. तेच 'गोडबोल्या' केलं की संशय आला. 'बोलका' हे कौतुक, 'बोल्या' ही टवाळी. एखादा गुण माणसाचा धंदा झाला की मराठी माणूस सावध होतो, आणि ती सावधगिरी अशी प्रत्ययात दिसते.

चवीनंतर स्पर्श. इथे तर मराठीकडे दुकानच आहे. गुळगुळीत, तुळतुळीत, सुळसुळीत, लुसलुशीत, बुळबुळीत, गिळगिळीत. इंग्रजीत 'स्मूद' या एका शब्दावर भागवतील तिथे आपण हात फिरवून सांगतो की नेमकं कसं. गोटा गुळगुळीत, टक्कल तुळतुळीत, रेशीम सुळसुळीत, शेवाळ बुळबुळीत. माणसाला लावताना मात्र यातले बहुतेक शब्द शिवीकडे झुकतात. गुळगुळीत बोलणारा म्हणजे ज्याच्या वाक्याला कुठे कोपरा नाही, म्हणून पकडताही येत नाही. बुळबुळीत माणूस त्याच्या दोन पायऱ्या खाली. जाता जाता सांगते, गुळगुळीत आणि गुळमुळीत यांची गल्लत फार होते. गुळमुळीत उत्तर म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही, ज्याला स्वतःलाच पत्ता नाही असं. गुळगुळीत उत्तर देणाऱ्याला सगळा पत्ता असतो. तो फक्त तुम्हाला देत नाही.

संस्कृतात मात्र गुळगुळीत बोलणं चांगलं होतं. 'श्लक्ष्ण' म्हणजे गुळगुळीत, मुलायम. रामायण-महाभारतात चांगली माणसं श्लक्ष्ण वाणीनं बोलतात आणि त्यांच्यावर कोणी संशय घेत नाही. तेलाचंही तसंच. 'स्नेह' या शब्दाचा एक अर्थ तेल-तूप, दुसरा माया. स्निग्ध नजर म्हणजे प्रेमळ नजर, तेलकट नव्हे. तोच स्निग्धपणा मराठी स्वयंपाकघरात आला आणि बिघडला: लोणी लावणे, मस्का मारणे, आणि सगळ्यात शेवटी 'गेला तेल लावत'.

आता मुद्द्याचा शब्द. लाघवी हा शब्द चवीतून आलेला नाही, स्पर्शातून नाही, तेलातून तर नाहीच. तो वजनातून आला आहे.

लघु म्हणजे हलका. त्याचं भाववाचक नाम लाघव, हलकेपणा. संस्कृतात अशी एक छोटी टोळी आहे: लघुचं लाघव, गुरुचं गौरव, मृदूचं मार्दव, ऋजूचं आर्जव, पटूचं पाटव. पहिला स्वर फुगतो, शेवटच्या उकाराचा 'अव' होतो, नाम तयार. ही भावंडं मराठीत आल्यावर त्यांचं काय काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मार्दव जवळजवळ तसंच राहिलं. ऋजु म्हणजे सरळ, म्हणून संस्कृतात आर्जव म्हणजे सरळपणा. गीतेतल्या सद्गुणांच्या यादीत ते याच अर्थानं आहे. मराठीत आर्जव म्हणजे विनवणी. सरळ माणसाला आपल्याकडे अखेर विनवण्याच कराव्या लागतात, असा याचा अर्थ घ्यायचा का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. गुरु म्हणजे जड, म्हणून गौरव म्हणजे जडपणा, त्यावरून प्रतिष्ठा. सत्काराच्या कार्यक्रमातून शाल, नारळ, पुष्पगुच्छ आणि कोपरे टोचणारं स्मृतिचिन्ह घेऊन रिक्षा शोधणाऱ्या माणसाला मूळ अर्थ आपोआप कळतो.

गौरव आणि लाघव, जड आणि हलकं, ही एकमेकांच्या विरुद्ध टोकांची जोडी. शब्दांची वंशावळ आवडणाऱ्यांसाठी: लघुचे दूरचे भाऊबंद इंग्रजीतल्या 'लाइट' मध्ये आहेत आणि गुरुचे 'ग्रॅव्हिटी' मध्ये. मराठीत लघु आणखी एका दारानं शिरला. प्राकृतात लघुचं 'लहु' झालं, त्याची अक्षरं उलटून 'हलु' झालं, आणि त्यातून आपले हलका आणि हळू आले. म्हणजे 'हलक्या हातानं' म्हणा की 'लाघवानं' म्हणा, मूळ एकच. एकानं धोतर नेसलं, दुसऱ्यानं सोवळं.

जुन्या शास्त्रांत लाघव हा मोठा गुण. आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिणाऱ्या वाग्भटानं व्यायामाचे फायदे सांगताना पहिला शब्द घातला तो लाघव, अंग हलकं होतं. हठयोगातही आसनाचं फळ म्हणून अंगलाघव सांगितलं आहे. न्यायशास्त्रात ज्या स्पष्टीकरणाला कमी गृहीतकं लागतात त्याच्याकडे लाघव, ज्याला उगाच जास्त लागतात त्याच्यात गौरव हा दोष. होय, तिथे गौरव हा दोष आहे! आणि व्याकरणकारांचं तर लाघवाचं वेड प्रसिद्ध. पाणिनीनं अख्खी संस्कृत भाषा सुमारे चार हजार सूत्रांत बसवली. सगळे स्वर म्हणायचे तर तो म्हणतो 'अच्', सगळी व्यंजनं म्हणायची तर 'हल्'. त्याचं शेवटचं सूत्र आहे 'अ अ', बस. अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, अशी त्यांच्याबद्दल म्हणच आहे.

इथे भाच्यानं हात वर केला. "म्हणजे लाघव म्हणजे काटकसर?"

हो, तोपर्यंत काटकसरच. श्रमांची, शब्दांची, वजनाची. मग काटकसरीतून मोहकपणा कुठून आला? वाट हातावरून जाते. एखादं अवघड काम कोणी जराही ओढाताण न दिसता केलं की ते हलकं वाटतं. बाण कधी जोडला आणि कधी सोडला ते कळलंच नाही, असं धनुर्धराबद्दल म्हणायचं तर त्याचं हस्तलाघव. सोनाराचं हस्तलाघव, शल्यविशारदाचं हस्तलाघव, आणि थट्टेनं, आमच्या नागपुरातल्या बर्डीच्या गर्दीत पाकीट मारणाऱ्याचंही हस्तलाघव. जादूगाराचं तर सगळंच त्यावर. जुन्या मराठीत हा धागा पार देवापर्यंत गेला. संतांच्या लेखनात लाघव म्हणजे माया, लीला, दिसतं एक आणि असतं दुसरं असा खेळ. हे जग उभं करून स्वतः पडद्याआड बसणारा तो लाघवी. त्या अर्थानं कृष्णाइतका लाघवी कोणी नाही, आणि कृष्ण गोड आहे की चालू आहे हे गोकुळातल्या गवळणींनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

हात, मग जादू, मग बोलणं. आजचा लाघवी हा त्या जादूगाराचा नातू. हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. इंग्रजी 'चार्म' लॅटिन 'कार्मेन' पासून आला, म्हणजे गाणं, मंत्र. आणि 'ग्लॅमर' हा शब्द निघाला आहे 'ग्रामर' मधून! स्कॉटलंडमध्ये पोथ्या वाचणारा माणूस जादूटोणा करतो असं लोकांना वाटे, व्याकरणाची झाली मोहिनी. पाणिनीच्या चाहत्यांनी हे ऐकलं असतं तर आणखी एक मुलगा झाल्याचा आनंद केला असता.

एवढं झाल्यावर भाच्याला मी गांधीबागेतल्या साडीच्या दुकानाची गोष्ट सांगितली. त्याच्या आईला ती चांगली आठवते.

लग्नाचा बस्ता नव्हता, नणंदेला द्यायची एकच साडी होती. बजेट दोन हजार. आम्ही चपला काढून पांढऱ्या गादीवर बसलो. समोर बसलेला माणूस पन्नाशीचा, शर्टाची इस्त्री कडक, बाह्या दोन घड्या वर. त्यानं "काय दाखवू" विचारलंच नाही. "पाणी घ्या ताई आधी. ऊन काय मरणाचं आहे!" पाणी आलं. मग: "घेऊ नका ताई. फक्त पाहा. पाह्याचे पैसे नाही लागत."

त्याचे हात मी विसरलेली नाही. घडी उचलायची, मनगटाला एक हिसका द्यायचा, आणि साडी हवेत उलगडून अशी पडायची की काठ आमच्याकडे, पदर माझ्या बहिणीच्या गुडघ्याशी, नक्षी सरळ. दर वेळी. आणि बोलणं चालूच. साडीवर आमची नजर क्षणभर जास्त रेंगाळली की तो काही म्हणायचा नाही, फक्त ती साडी उचलून डाव्या मांडीजवळ वेगळी ठेवायचा. किंमत विचारली की "रेटचं टेन्शन नका घेऊ, तुम्ही कलर पाहा." मधेच एक डाळिंबी रंगाची काढली आणि लगेच घडी घालायला लागला. "ही नाही ताई, ही तुमच्या बजेटमधली नाही. चुकून निघाली." आता चुकून निघालेली साडी कोणती बाई बघितल्याशिवाय सोडेल?

तासाभरानं समोर तीसेक साड्या उघड्या पडल्या होत्या. एक पोऱ्या कोपऱ्यात निमूट घड्या घालत होता. आम्ही दोन वेळा चहा प्यायलो होतो. बहिणीनं हळूच मला विचारलं, "आता न घेता उठायचं कसं?" साडी घेतली. डाळिंबीच. बजेटच्या पावणेदोन पट. तो दारापर्यंत सोडायला आला, पिशवी बहिणीच्या हातात न देता माझ्या हातात दिली, "ताई थकल्या आज" असं म्हणून. आम्ही दोघी खूश होऊन बाहेर पडलो, आणि रिक्षात बसल्यावर बहीण म्हणाली, "माय वो, हे काय केलं आपण!"

हा माणूस स्वाव्ह. इंग्रजी शब्दाला याहून नेमकं उदाहरण मी देऊ शकत नाही. हस्तलाघव तर पहिल्या प्रतीचं. पण लाघवी? माझं मत सांगते. ते उघड्या साड्यांचे ढीग, ते दोन चहा, त्या पोऱ्याच्या घड्या, या सगळ्याचं वजन आमच्या अंगावर आलं होतं. बोलणं हलकं होतं, पण उठताना आम्ही जड झालो होतो. लाघव म्हणजे हलकेपणा हे आठवलं तर शब्दाची ही बाजू कोर्टात टिकते. ज्याच्या मोहकपणाचं ओझं समोरच्याला होत नाही, तो लाघवी.

बोलीतला वापर इतका काटेकोर नसतो, हे मान्य. म्हणून थोडं वापराबद्दल. 'लाघवी' विशेषण बदलत नाही: लाघवी मुलगा, लाघवी मुलगी, लाघवी मूल. नाम हवं असेल तर 'लाघव' पुरे आहे. 'लाघवीपणा' चालतो, 'लाघवता' मात्र टाळावं, कारण लाघव हेच भाववाचक नाम, त्याला पुन्हा 'ता' लावणं म्हणजे गांभीर्यता, सौंदर्यता लिहिण्यासारखं. क्रियाविशेषण म्हणून 'लाघवानं' छान बसतं: "तिनं लाघवानं विचारलं". माझा फोन लाघवचं न चुकता 'राघव' करतो, त्यामुळे "तिनं राघवानं विचारलं" असं वाक्य एकदा संपादकापर्यंत पोचलं आहे.

लोभस आणि लाघवी यांत फरक आहे, आणि तो ओळखायला एक सोपी कसोटी मी वापरते. झोपलेलं बाळ लोभस असतं, ते लाघवी असू शकत नाही. लाघवी व्हायला त्याला जागं व्हावं लागतं, मान तिरकी करावी लागते, तुमच्या हातातल्या बिस्किटाकडे न बघता तुमच्याकडे बघून हसावं लागतं. लोभसपणा दिसण्यात, लाघव करण्यात. आणि अशा बाळाला आपण लगेच काय म्हणतो? "लबाड आहे हं!" पाहा, जादूगार आजोबा तिथेही डोकावले. मनमिळाऊ वेगळा, तो सगळ्यांशी जमवून घेतो, त्यात मोहिनी असेलच असं नाही. लग्नाच्या जाहिरातीत मनमिळाऊ मागतात, लाघवी मागत नाहीत. आर्जवी तर स्वतः खाली वाकून बोलतो. लाघवी वाकत नाही.

एक तक्रारही नोंदवून ठेवते. हा शब्द आपण बायका, मुलं आणि आवाज यांच्यासाठीच राखून ठेवला आहे. तोच गुण खुर्चीवरच्या पुरुषात दिसला की तो मुत्सद्दी, दुकानदारात दिसला की गोडबोल्या, विमा विकणाऱ्यात दिसला की चिकट. पुरुषाला लाघवी म्हणायला मराठी लिहिणारे कचरतात, जणू त्याचं वजन कमी होईल. ते होतंच, शब्दाचा अर्थच तो आहे. पण त्यात वाईट काय?

नागपुरात आणखी एक पेच आहे, हिंदीचा. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे आपल्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात हिंदी असते. पण हिंदीवाल्या शेजारणीला तुम्ही "तुमची सून लाघवी आहे" असं त्यांच्या भाषेत सांगायला गेलात तर गडबड होईल. हिंदीत लाघव म्हणजे लघुता किंवा हाताची चपळाई. मोहकपणाचा अर्थ तिथे पोचलेलाच नाही. बिचारीला वाटेल सून उंचीला कमी आहे म्हणतात, किंवा हात चालाख आहे म्हणतात. दुसरं तर फारच वाईट.

आणि आता तो जुना टोमणा: नागपूरकरांना कुठलं आलंय लाघव? आपली भाषा रांगडी, 'काहून बे' नं सुरू होणारी. संस्कृतात सुसंस्कृत माणसाला 'नागर' म्हणत, नगरात राहणारा तो नागर, खेड्यातला तो ग्राम्य, आणि काव्यात ग्राम्यत्व हा दोष. लॅटिनमध्येही 'उर्ब्स' म्हणजे शहर, त्यावरून इंग्रजी 'अर्बेन'. कामसूत्रात तर या नागरकाच्या दिनक्रमावर अख्खं प्रकरण आहे. तो दात घासतो, उटी लावतो, माळ घालतो आणि जेवणानंतर पोपट-मैनांना बोलायला शिकवतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी जेवणानंतर कूलरसमोर आडवं व्हायचं सोडून मैनेला शिकवणारा मला अजून भेटायचा आहे. आपलं नागपूर नाग नदीवरून आलं, 'नागर'शी त्याचा संबंध नाही. पण ज्ञानेश्वरांनी 'नागरपण' हा शब्द वापरला तो देशी भाषेबद्दल, लोकांच्या तोंडच्या मराठीबद्दल. शहरी पॉलिश आणि नागरपण एकच, असं त्यांनी मानलं नाही.

आपल्या पाहुणचारात लाघव आहे, असा दावा मात्र मी करणार नाही. वऱ्हाडी आग्रह हा शुद्ध गौरव आहे, किलोनं मोजावा असा. "खाय ना, लाजतं काहून" म्हणत ताटात पडलेली तिसरी पुरणपोळी आणि तिच्यावर वाटीभर तूप, यात हलकं काहीच नसतं. प्रेम असतं, पण उठवत नाही.

तरी लाघव इथे आहे, आणि मला ते नेहमी बाजारात सापडतं. गेल्या आठवड्यात गोकुळपेठेत एका म्हाताऱ्या बाईकडून वांगी आणि मेथी घेतली. पाच रुपये सुटे कमी पडत होते. मी पर्स उलटीपालटी करायला लागले. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. एका हातानं पुढच्या गिऱ्हाइकाचं वजन करत होती, दुसऱ्या हातानं सांबाराची जुडी उचलली. बाहेरगावच्या वाचकांसाठी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. चार काड्या ओढल्या आणि माझ्या पिशवीत वांग्यांच्या बाजूला खोचल्या, पानं वर राहतील अशा, चुरगळू नयेत म्हणून. "राहू दे वो बाई. उद्या देजो." आणि तोंड फिरवून पुढच्याला, "हं, बोल गा."

दुसऱ्या दिवशी मी पाच रुपये घेऊन गेले तर तिला आठवेना. "कायचे?" म्हणाली.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे साडीवाला स्वाव्ह, अन् सांबारवाली लाघवी."

"माझ्या मते. साडीवाल्याच्या घरच्यांना विचारलं तर ते त्यालाच लाघवी म्हणतील. घरी तो काही विकत नसेल."

त्यानं वही ओढली. 'स्वाव्ह' समोर लिहिलं: साडीवाला. मग खाली एक नवी ओळ आखून उजव्या बाजूला 'लाघवी' लिहिलं, डावीकडची जागा मोकळी सोडली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"याचं इंग्रजी तू सांग."

मी पोह्यांच्या बश्या उचलल्या आणि आत गेले.